मदत हवी आहे : सिझरमध्ये पुढचं इन्स्ट्रुमेंट आधीच कसं ओळखायचं?

मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा केलेली) नर्स आहे. चार वर्षं वॉर्डात काढली आणि तीन महिन्यांपूर्वी स्वतः मागून ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, बदली घेतली. हॉस्पिटल परळ भागातलं, नाव लिहीत नाही. आमच्याकडे सिझर सगळ्यात जास्त, त्यामुळे सध्या मला तिथेच स्क्रबला, म्हणजे सर्जनच्या हातात इन्स्ट्रुमेंट द्यायला, उभं करतात.

हात धुणं, गाऊन, क्लोज्ड ग्लोव्हिंग आता जमतं. सुरुवातीला धुतलेला हात कोपराच्या खाली जायचा, पाणी बोटांकडे ओघळायचं आणि इन्चार्ज सिस्टर परत सिंककडे पाठवायच्या. नावंही पाठ आहेत. ॲलिस, बॅबकॉक, कोकर, डॉयन, कोणतंही मागितलं तर देते. पण ऑपरेशन करणाऱ्या मॅडम नाव घेतच नाहीत, नुसता हात पुढे येतो. तिथे माझं डोकं रिकामं होतं.

गेल्या मंगळवारी बाळ झालं, वार (प्लासेंटा) आली आणि गर्भाशयाच्या कापाच्या एका कोपऱ्यातून रक्त यायला लागलं. मॅडमनी हात पुढे केला. मी साधी आर्टरी (रक्तवाहिनी धरायचा चिमटा) दिली, त्यांना ग्रीन आर्मिटेज हवा होता. शेजारी सिनियर सिस्टर होत्या, त्यांनी लगेच दिला. कोणी रागावलं नाही. तरी कल्याणपर्यंत लोकलमध्ये मला तेच दिसत होतं. मी एकटी असते तर?

दुसरी अडचण अशी, की ट्रॉलीकडे बघितलं तर पोटात काय चाललंय ते सुटतं आणि पोटाकडे बघितलं तर मॉप (रक्त टिपायची कापडं) किती आत गेले ते सुटतं. नजर नक्की कुठे ठेवायची?

प्रतिसाद

बाळा, मी ओटीतूनच निवृत्त झाले. पहिली गोष्ट, मॅडमच्या हाताकडे बघायचं सोड. हात पुढे येतो तेव्हा तुला उशीर झालेला असतो. जखमेकडे बघ, ती आधी सांगते.

त्वचेवर चाकू फिरला की रक्त येणार, मॉप आणि आर्टरी तयार. शीथला (स्नायूंवरच्या जाड पडद्याला) छोटा छेद पडला की तो वाढवायला मेयो कात्री. पेरिटोनियम (पोटाचं आतलं आवरण) दोन आर्टरींनी उचललं की पुन्हा कात्री. पोट उघडलं की जखम ओढून धरणारा डॉयन. मूत्राशयावरची घडी दिसली की बिनदाती फोर्सेप्स आणि मेट्झेनबॉम, ती नाजूक कात्री. मग गर्भाशयासाठी दुसरा चाकू, तो किडनी ट्रेमधून दे, हातात नको. सक्शन त्याच क्षणी जवळ हवं. डोकं काढायच्या आधी डॉयन परत येतो, त्याची जागा मोकळी ठेव. नाळेला दोन क्लॅम्प, मधे कात्री.

आता नीट वाच. वार सुटेपर्यंत स्क्रब सिस्टरला थोडा वेळ मिळतो. त्या वेळात ग्रीन आर्मिटेज पुढे ओढून ठेवायचे आणि १ नंबरची व्हिक्रिल (टाक्यांचा विरघळणारा धागा) नीडल होल्डरवर चढवायची. मंगळवारची चूक त्या वेळातली आहे. आर्टरीचं टोक अरुंद, ते मऊ स्नायूत रुततं. ग्रीन आर्मिटेजचं तोंड रुंद, ते कड फाडत नाही आणि रक्तही दाबून धरतं. कारण कळलं की इन्स्ट्रुमेंट आपोआप आठवतं.

ट्रॉली रोज एकाच पद्धतीने लाव. परत आलेलं इन्स्ट्रुमेंट पुसून त्याच जागी ठेव. महिन्याभरात हात न बघता जाईल. आणि दिलेलं इन्स्ट्रुमेंट तळहातावर नीट टेकव, त्यांना मान वर करायला लागू नये.

मॉप मनात मोजू नकोस. पोटात गेला की मोठ्याने सांग, सर्क्युलेटिंग सिस्टर (स्क्रब न केलेली, बाहेरून मदत करणारी) फळ्यावर लिहील. शेपटीची टेप बाहेर आणि तिला आर्टरी. सुरुवातीला, गर्भाशय शिवण्याआधी, पोट बंद करण्याआधी आणि त्वचेच्या वेळी दोघींनी मिळून काउंट. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ च्या चेकलिस्टमध्येही शेवटी काउंट तोंडाने सांगायचा असतो. जुळला नाही तर समोर कोणीही असो, ‘मॅडम, थांबा’ म्हणायचं. सुई परत आल्याशिवाय दुसरी द्यायची नाही.

प्रतिसाद

मी स्त्रीरोग विभागात रेसिडेंट आहे. सिस्टर, केस सुरू होण्याआधी आम्हाला जरूर विचारा. आधीचं सिझर असेल तर आतडं किंवा मूत्राशय चिकटलेलं असू शकतं, मेट्झेनबॉम जास्त वेळ लागते. वार खाली असेल तर रक्तस्राव जास्त, मॉप जास्तीचे काढून ठेवा. आणि ‘मी शिकतेय, आज नाव घेऊन मागाल का’ हे सरळ सांगा. मी स्वतः असं सांगणाऱ्या सिस्टरसोबत निर्धास्त असतो.

धागाकर्ती

ताई, डॉक्टर, मनापासून आभार. आज दोन सिझर होती. मॅडमना आधीच सांगितलं, त्या पहिल्या केसला प्रत्येक नाव घेऊन मागत होत्या. दुसऱ्या केसला वार सुटायच्या आत ग्रीन आर्मिटेज पुढे ठेवले होते आणि हात आला तेव्हा माझा आधीच तिथे होता. आईला बाळ दाखवलं तेव्हा मला रडू आलं.

एक अजून. परवाच्या लिस्टला डावखुऱ्या मॅडम आहेत. सुई कशी चढवू?

प्रतिसाद

सुई नेहमीसारखीच टोकापासून दोन तृतीयांशावर धर, फक्त टोक त्यांच्या उजवीकडे कर. आणि टेबलाच्या कोणत्या बाजूला उभ्या राहतात ते त्यांनाच आदल्या दिवशी विचार, त्याप्रमाणे ट्रॉली लाव.