आजीच्या चष्म्याचा स्क्रू शार्प येतो, डोळे धूसर. लेन्स बिघडली आहे का?

कवडसा:
फोटो काढायला लागून आठ महिने झाले. क्रॉप सेन्सरचा (म्हणजे ३५ एमएम फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान सेन्सरचा) डीएसएलआर कॅमेरा आहे. सोबत आलेल्या १८-५५ किट लेन्सवर इतके दिवस भागवलं, गेल्या महिन्यात ५० एमएम एफ/१.८ घेतली.

माझी आजी ८४ वर्षांची आहे. सकाळी खिडकीशी बसून काहीतरी शिवत असते. सुईत दोरा ओवताना ती श्वास रोखते, ओठ आत घेते, दोऱ्याचं ओलं केलेलं टोक दोन बोटांत चपटं करते. मला तो क्षण हवाय. तीन सकाळी मिळून साठेक फोटो काढले, एकातही डोळे धड नाहीत.

तीन फोटो जोडलेत. पहिल्यात चष्म्याच्या बिजागरीचा स्क्रू इतका स्पष्ट आहे की त्यावरची खाच दिसते, पण पापण्या धूसर. दुसऱ्यात बोटं आणि सुई शार्प, चेहरा पार गेलाय. तिसऱ्यात कानावरचे पांढरे केस मोजता येतील, बाकी काही नाही.

सेटिंग तिन्हीला एकच: अपर्चर (लेन्सचं भोक; आकडा लहान तितकं भोक मोठं) एफ/१.८, शटर १/६० सेकंद, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) २००. अंतर साधारण ८० सेंटिमीटर. मधल्या पॉइंटने डोळ्यावर फोकस घेते, मग कॅमेरा फिरवून फ्रेम जुळवते आणि क्लिक करते.

एकजण म्हणाला लेन्स सदोष आहे, परत कर. दुसरा म्हणाला एफ/१.४ घे. आजीला पुन्हापुन्हा "परत ओव ना" म्हणणं आता जिवावर येतं, तिचे डोळे दुखतात. नेमकं चुकतंय काय?

पायवाट:
पहिल्या फोटोतला उजेड फार सुरेख पकडलाय. माझ्या मते शटर कमी पडतंय. ५० एमएम गुणिले १.६ (क्रॉप सेन्सरचा गुणक) म्हणजे ८०, त्यामुळे हातात धरून निदान १/८० तरी हवं. त्यात आजींचे हात थोडे हलणारच. १/१२५ करून बघा.

रीळ३६:
शटर वाढवाच, पण दुखणं ते नाही. कॅमेरा हलला असता तर सगळंच फिस्कटलं असतं. इथे प्रत्येक फोटोत काहीतरी एकदम टोकदार आलंय, फक्त चुकीच्या जागी. लेन्स ठणठणीत आहे.

क्रॉप सेन्सरवर ५० एमएम, एफ/१.८ आणि ८० सेंटिमीटर अंतर असेल तर जेमतेम दीड सेंटिमीटर जाडीचा पट्टा शार्प येतो. म्हणजे फोकसच्या पुढे-मागे पाऊण-पाऊण सेंटिमीटर. आता आजींचा चष्मा बघा. काच डोळ्यापासून साधारण सव्वा सेंटिमीटर पुढे असते. कॅमेऱ्याच्या ऑटोफोकसला ठळक कड लागते. पांढऱ्या पापण्यांपेक्षा फ्रेमची काळी कड त्याला आधी सापडते, तो तिथे थांबतो आणि डोळा पट्ट्याबाहेर राहतो. तुमचा पहिला फोटो हाच.

तिसऱ्याचं कारण फोकस घेऊन कॅमेरा फिरवणं. फोकसची पातळी सेन्सरला समांतर असते, कॅमेरा वळला की तीही वळते. ८० सेंटिमीटरवर १० अंश वळलात तर फोकस सव्वा सेंटिमीटर मागे सरकतो. वर तुम्ही किंचित पुढे झुकलात, आजीही झुकल्या, की थेट कानावर. एफ/८ ला हे कळतही नाही, एफ/१.८ मात्र ही चूक पदरात घेत नाही. एफ/१.४ घेतलीत तर पट्टा आणखी बारीक होईल, तेव्हा तो सल्ला सोडून द्या.

मी फिल्मवर शिकलो. जुन्या लेन्सच्या नळीवर प्रत्येक अपर्चरला किती अंतरापासून किती अंतरापर्यंत शार्प येईल ते कोरलेलं असायचं. रीळ ३६ फोटोंची, त्यामुळे क्लिक करण्याआधी नजर तिथे जायचीच. आताच्या स्वस्त लेन्सवर ते आकडे नसतात, याचं मला फार वाईट वाटतं. शिकणाऱ्याला ते हवेत.

आता मुद्द्याचं. तुम्हाला डोळाही हवाय आणि सुईही. समोरून काढलात तर दोघांत वीसेक सेंटिमीटरचं अंतर पडतं आणि एफ/८ लाही ते जमणार नाही. म्हणून बाजूला जा. आजींची नजर सुईकडे जाते ती रेघ मनात ओढा आणि कॅमेऱ्याची पाठ त्या रेघेला समांतर धरा. आता डोळा आणि सुई तुमच्यापासून सारख्याच अंतरावर आहेत, एकाच पट्ट्यात. चष्म्याची दांडी डोळ्यावर येत असेल तर तळहाताएवढं आजींच्या समोरच्या बाजूला पुढे सरका, त्याहून जास्त नको. तिथून १.२ मीटरवर मागे जाऊन एफ/४ लावलंत की पट्टा आठेक सेंटिमीटरचा होतो. फ्रेम सैल वाटली तर नंतर कापा.

एफ/१.८ वरून एफ/४ म्हणजे सव्वादोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) उजेड गेला, १/१२५ केल्यावर आणखी एक. म्हणजे आयएसओ २००० च्या आसपास जाईल. जाऊ द्या. आयएसओ वाढवल्यावर येणारे दाणे चालतात, हुकलेला डोळा चालत नाही. हे माझं वैयक्तिक मत.

आणि आजींना "परत ओव" म्हणू नका. त्या कशा बसतात ते तुम्हाला पाठ आहे. आधीच जागा धरा, खुर्चीच्या पाठीवर कोपरं टेकवा, जिथे डोळा येणार तिथला फोकस पॉइंट निवडून ठेवा आणि वाट बघा.

स्थिरपद:
लेन्सबद्दल मनात शंका राहू नये म्हणून एकदा तपासून घ्या. टेबलावर छापील कागद सपाट ठेवा, एका ओळीखाली पेनाने ठळक रेघ मारा. कॅमेरा ट्रायपॉडवर, कागदाशी ४५ अंशात, एफ/१.८, दोन सेकंदांचा टायमर. त्या रेघेवर पाच फोटो व्ह्यूफाइंडरमधून, पाच लाइव्ह व्ह्यूमधून (मागच्या पडद्यावर बघून). दर वेळी फोकस मोडून नव्याने घ्या. लाइव्ह व्ह्यूचे बरोबर आणि व्ह्यूफाइंडरचे सगळे एकाच बाजूला चुकत असतील तर लेन्स आणि कॅमेऱ्याच्या फोकस जुळणीत फरक आहे. चुका कधी पुढे, कधी मागे असतील तर हात आणि पद्धत. डीएसएलआरमध्ये व्ह्यूफाइंडरचा फोकस वेगळ्या सेन्सरवरून होतो, लाइव्ह व्ह्यूचा थेट मुख्य सेन्सरवरून, म्हणून ही तुलना.

कवडसा:
कागदाची चाचणी केली. दहाही रेघेवर. लेन्स निर्दोष, तिची माफी मागितली.

आज सकाळी आजीच्या उजवीकडे कपाटाला टेकून बसले. एफ/४, १/१२५, आयएसओ २०००. पंचवीस मिनिटं काही झालं नाही, ती उसवतच होती. मग तिने नवा दोरा घेतला. चार फोटो मिळाले, त्यातला तिसरा जोडलाय. सुईच्या नेढ्यातून उजेड येताना दिसतोय आणि पापण्याही दिसताहेत. रीळ३६ दादा, तुमचे मनापासून आभार.

एकच खटकतंय. पुढे सरकल्यामुळे चष्म्याच्या काचेत खिडकीचा पांढरा चौकोन आलाय. पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) घ्यावा का?

रीळ३६:
सुईचं नेढं बघून खुर्चीतून उठलो. ओठ आत घेतलेत तेही आलंय.

पोलरायझर आत्ता नको, तो दीड-दोन स्टॉप उजेड खातो आणि तुमच्याकडे तेवढा शिल्लक नाही. उद्या बसण्याआधी आजींना चष्म्याच्या दांड्या कानांवर अर्धा सेंटिमीटर उचलून ठेवायला सांगा. काचा खाली झुकतात आणि चौकोन निघून जातो. त्यांना दिसायला अडचण झाली तर मात्र तसाच राहू द्या.