स्वल्पविराम अजूनही अंदाजाने, आणि वय पन्नाशीला टेकलं

उंबरठा:

नमस्कार मंडळी. बढती मिळाल्यापासून खात्याची टिपणं, अहवाल, पत्रं सगळं माझ्या गळ्यात पडलंय, आणि तेही मराठीत. ऱ्हस्व-दीर्घाची शंका आली तर कोश उघडतो, विषय संपला. स्वल्पविरामाला कोश नाही. शाळेत बाईंनी एकच सांगितलं होतं: वाचताना जिथे थांबतो तिथे तो द्यायचा. मी वाचताना फार ठिकाणी थांबतो, हीच पंचाईत आहे. परवाचं टिपण साहेबांनी परत पाठवलं, त्यावर लाल शाईत दोनच शब्द: "दम लागतो." त्यातलं एक वाक्य नमुन्याला देतो.

"बैठकीत ठरल्याप्रमाणे, यंत्राची तपासणी करून, अहवाल तयार केला असून, तो सोबत जोडला आहे, कृपया पाहावा."

शुद्धलेखनाचे अठरा नियम पुन्हा वाचून काढले, त्यात याबद्दल अक्षर नाही. इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकात नियमांचा ढीग आहे, पण ते मराठी वाक्याला लावले की वाक्य परकं वाटतं. या वयात हे नीट शिकायचं तर सुरुवात कुठून करावी? आणि एक उपप्रश्न: "की"च्या आधी की नंतर?

खिळेजुळारी:

अठरा नियमांत सापडायचं नाही. चौदा १९६२चे, पुढे १९७२मध्ये चार वाढले, आणि सगळा भर अक्षरं कशी लिहायची यावर. विरामचिन्हं तुमची तुम्ही बघा, असा एकूण कारभार.

मी मुद्रितं तपासते. नवीन मुलं कामाला येतात त्यांना जे करायला लावते तेच सांगते. स्वतःचंच एखादं जुनं पान छापून घ्या आणि पेन्सिल घेऊन बसा. पूर्ण क्रियापदाखाली दुहेरी रेघ. करून, जाताना, ठरल्याप्रमाणे असल्या धातुसाधितांखाली एकेरी. एवढंच. स्वल्पविरामाकडे अजून बघायचंसुद्धा नाही.

आता तुमचं वाक्य घ्या. "ठरल्याप्रमाणे" एकेरी, "करून" एकेरी. ही रूपं पुढच्या शब्दाचा हात धरूनच उभी असतात, मध्ये चिन्ह घालून तो सोडवायचं कारण नाही. दोन स्वल्पविराम गेले. "केला असून" हे कचेरीचं लाडकं रूप. वाक्य संपवायचा धीर झाला नाही की माणूस "असून" लिहितो. तिथे सरळ "आहे" लिहून पूर्णविराम द्या. राहिला "जोडला आहे" नंतरचा. तिथे दुहेरी रेघ आहे, पुढे "पाहावा" हे दुसरं पूर्ण क्रियापद आहे, आणि दोघांना जोडणारं अव्यय नाही. अशा ठिकाणी स्वल्पविराम अपुरा पडतो, अर्धविराम द्या.

"बैठकीत ठरल्याप्रमाणे यंत्राची तपासणी करून अहवाल तयार केला आहे. तो सोबत जोडला आहे; कृपया पाहावा."

चार होते, एकही उरला नाही. दम कशाने लागत होता ते साहेबांनी लिहिलं नाही, पण माझ्या मते एकाच वाक्यात चार कामं कोंबली होती म्हणून.

एकेरी रेघेचा अपवाद आहे, आणि तो महत्त्वाचा आहे. ही सूचना वाचा: "भोंगा वाजल्यावर आत असलेल्या कामगारांनी बाहेर यावे." भोंगा वाजला की सगळ्यांनी बाहेर पडायचं, की भोंगा वाजून गेल्यावरही जे आत राहिलेत त्यांनीच? "वाजल्यावर" हे "असलेल्या"ला चिकटतंय की थेट "यावे"ला, हे वाचणाऱ्याला कळत नाही. पहिला अर्थ हवा असेल तर "भोंगा वाजल्यावर, आत असलेल्या कामगारांनी बाहेर यावे." इथे तो स्वल्पविराम गाळला तर मी सही करणार नाही.

"की"चं: आधी. "साहेब म्हणाले, की काम थांबवा." "की" पुढच्या वाक्याचा आहे, त्याला मागच्यात कोंडू नका. बरेच जण तिथे काहीच देत नाहीत, तेही चालतं. "म्हणाले की, काम थांबवा" हे रोज छापून येतं म्हणून बरोबर ठरत नाही. पण, परंतु, कारण, म्हणून यांनी दोन वाक्यं जोडली असतील तर स्वल्पविराम त्यांच्याही आधीच. जेव्हा-तेव्हा, जो-तो, जर-तर यांत पहिलं वाक्य संपतं तिथे. "आलास तर भेटू" इतकं छोटं असेल तर नको. "आणि"च्या आधी एरवी लागत नाही. तुमच्या शीर्षकातला मात्र राहू द्या, तिथे दोन वेगळी वाक्यं आहेत आणि दुसऱ्यावर जोर आहे.

वकीलपत्र:

वर इंग्रजी नियमांचा विषय निघालाय म्हणून. अमेरिकेतल्या मेन राज्यात दूधवाहतुकीच्या चालकांनी जादा कामाच्या पैशांसाठी दावा लावला होता. कायद्यात जादा मोबदला न मिळणाऱ्या कामांची यादी होती, आणि तिच्या शेवटी साधारण असं: साठवण, "रवानगी किंवा वितरणासाठी बांधणी". इंग्रजी मजकुरात "किंवा"च्या आधी स्वल्पविराम नव्हता. त्यामुळे वितरण हे यादीतलं स्वतंत्र काम, की बांधणी कशासाठी याचा तो नुसता तपशील, असा वाद. चालक वितरण करत होते, बांधणी नव्हे. २०१७ साली अपील न्यायालयाने चालकांच्या बाजूने कौल दिला, २०१८मध्ये ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. कायद्याच्या त्या कलमात नंतर अर्धविराम घातले.

आता तीच यादी मराठीत करून बघा. "रवानगीसाठी बांधणी किंवा वितरण" आणि "रवानगी किंवा वितरण यांसाठी बांधणी". इथे "साठी"च्या जागेवरूनच निकाल लागतो, स्वल्पविरामाची वाट बघावी लागत नाही. इंग्रजी पुस्तकातला नियम आपल्याकडे का बसत नाही, त्याचं हे एक कारण.

आणखी एक. कामानिमित्त मोडीतले जुने दस्त बघावे लागतात. त्यात विरामचिन्हं तर नाहीतच, शब्दांमध्ये जागाही सोडलेली नसते. तरी "येणेप्रमाणे", "सदरहू", "तरी" असे शब्द आले की वाक्य कुठे वळलं ते समजतं. मराठीत विरामचिन्हं रुळवण्याचं श्रेय एकोणिसाव्या शतकातल्या मेजर थॉमस कँडींना देतात. त्याआधीही लोक जमिनी विकत होते, कज्जे लढत होतेच.

झांज:

खिळेजुळारीताई, बाईंच्या नियमाला एवढं मोडीत काढू नका. मी निवेदनाच्या संहिता लिहिते. माझं लिखाण कुणी डोळ्यांनी वाचत नाही, माइकसमोर मोठ्याने वाचतात. तिथे "ठरल्याप्रमाणे"नंतर स्वल्पविराम नसेल तर निवेदक एका दमात पुढे जातो आणि नेमक्या नावावर अडखळतो. मला श्वासाचाच स्वल्पविराम लागतो.

आणि उंबरठा, गप्पांमधल्या निरोपांत तर याचं काम सगळ्यात जास्त. "फाइल पाठवली नाही का?" या प्रश्नाला "नाही पाठवली" असं उत्तर आलं, तर फाइल गेलेली नाही. "नाही, पाठवली" आलं, तर ती पोचलेली असायला हवी. एवढ्याशा चिन्हावर समोरच्याची संध्याकाळ अवलंबून असते हो.

खिळेजुळारी:

झांज, मान्य. कानासाठी लिहिलेलं पान वेगळं. पण तीच संहिता उद्या पुस्तकात छापायची म्हटली तर माझ्याकडे पाठवण्याआधी निम्मे काढून पाठवा.

उंबरठा:

सगळ्यांचे आभार. पेन्सिलीचा प्रयोग लगेच केला. एका पानावर एकेरी रेघा दुहेरीच्या तिप्पट निघाल्या, आणि "असून" तर ओळीआड. अजून एका वाक्यावर अडलोय: "सर कागद तपासून घ्या." इथे द्यायचा का?

खिळेजुळारी:

द्यायचाच. हाक मारली की तिच्यानंतर स्वल्पविराम, यात चर्चा नाही: "सर, कागद तपासून घ्या." हाक मध्ये आली तर दोन्ही बाजूंनी: "हे कागद, सर, एकदा बघा."

आणि तुमच्या वाक्यांत दिसलं नाही तरी सांगून ठेवते, कारण फोनवर टंकणारे निम्मे लोक हे करतात. स्वल्पविराम आधीच्या शब्दाला चिकटून, जागा त्याच्यानंतर. आधी जागा सोडली की ओळ तुटताना तो एकटाच पुढच्या ओळीच्या सुरुवातीला जाऊन बसतो, आणि मग मुद्रितावर मला प्रत्येक ठिकाणी जोडणीची खूण करत बसावं लागतं.