मदत हवी आहे: ‘ट्रेडर हॉर्न’मधलं खरं आफ्रिकेतलं चित्रण कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी,

आमच्या फिल्म क्लबमध्ये मला ‘ट्रेडर हॉर्न’वर (१९३१) बोलायचंय. हॉलिवूडच्या एमजीएम स्टुडिओने १९२९ साली दिग्दर्शक व्हॅन डाइकला अख्खं युनिट देऊन पूर्व आफ्रिकेत धाडलं. बोलपट नुकते सुरू झाले होते, ध्वनिमुद्रणाची अवजड यंत्रं रानावनातून न्यायची म्हणजे दिव्यच. परत आल्यावर बराच भाग हॉलिवूडमध्ये पुन्हा चित्रित झाला. माझं घोडं अडलंय ते इथेच.

युगांडातल्या मर्चिसन धबधब्याबद्दल शंका नाही. अख्खी नाईल जेमतेम सात मीटरच्या फटीतून घुसते आणि चाळीसेक मीटर खाली कोसळते, ते दृश्य स्टुडिओत उभं करणं शक्यच नव्हतं. पण सिंहांचे प्रसंग? रात्रीच्या शेकोटीजवळचे संवाद? फ्रेम थांबवून सावल्या, झाडं, मागचा पडदा कितीही न्याहाळला तरी ठाम सांगता येत नाही. छायालेखनाच्या जाणकारांनी कृपया सांगावं, नेमकं काय बघायचं?

युगांडात किंवा केनियात राहणारं कुणी असेल तर तिथली झाडंझुडपं ओळखायला मदत कराल का? स्क्रीनशॉट पाठवते.

आणखी एक. नायिका एडविना बूथ या चित्रीकरणानंतर कित्येक वर्षं आजारी होती, तिने एमजीएमवर दावाही लावला. हे मी बोलणारच आहे, त्याशिवाय या सिनेमाचं कौतुक करणं मला पटत नाही. त्या खटल्यावरचं विश्वासार्ह वाचन कुणी सुचवेल का?