मेडिकल ट्रान्सक्रिप्शन (डॉक्टरांनी बोलून रेकॉर्ड केलेल्या नोंदी ऐकून टाइप करणं) शिकू का?

मी ऐरोलीत राहते, बीएस्सी झालंय, टायपिंग चांगलंय. ठाणे स्टेशनजवळचा एक क्लास घरबसल्या कामाची गॅरंटी देतोय, फी भरू का?

— ताई, गॅरंटीवर पैसे अजिबात भरू नका. हल्ली ड्राफ्ट सॉफ्टवेअरच काढतं, आपण ऑडिओ ऐकून तो सुधारायचा, म्हणून स्पीडपेक्षा कान तयार हवा, अमेरिकन डॉक्टर घाईत फिफ्टीन मिलिग्रॅम बोलला की फिफ्टी हे कळलं नाही तर अंदाजाने टाकायचं नाही, जागा रिकामी सोडून फ्लॅग करायचं, पेशंटच्या जिवाचा प्रश्न असतो.

— बीएस्सी आहेस तर मेडिकल कोडिंग (आजार-उपचारांना बिलासाठी ठरलेले कोड देणं) पण बघ, आयसीडी-१० (आजारांच्या कोडची यादी) वगैरे शिकून सीपीसी ही कोडिंगची परीक्षा देता येते.

— अॅनाटॉमी कच्ची असेल तर आधी ती पक्की कर, दोन्हीकडे लागते.