चौदा वर्षांच्या मुलाची स्किझोफ्रेनियासाठी जेनेटिक टेस्ट करावी का?

मीनल_ठाणे: माझ्या सख्ख्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. इंजिनियरिंगला असताना सुरू झाला, घरच्यांनी आधी अंगारे-धुपारे केले आणि डॉक्टरकडे जायला खूप उशीर झाला. आता माझा मुलगा चौदाचा झालाय आणि एक लॅबवाला लाळेतले जीन बघून या आजाराचा रिस्क स्कोर, म्हणजे धोक्याचा आकडा, काढून देतो म्हणतोय. नवरा नको म्हणतो. पण या वयात मेंदूचं कॉर्टेक्स, म्हणजे बाहेरचा थर, पातळ होत जातं, जास्तीचे सिनॅप्स, म्हणजे मेंदूतल्या पेशींमधले जोड, छाटले जातात, आणि 2016 मध्ये बॉस्टनच्या संशोधकांनी दाखवलंय की सी-फोर जीनचे काही प्रकार असले की या आजाराची रिस्क वाढते आणि हाच जीन उंदरांमध्ये छाटणीत भाग घेतो. मग आधी कळलेलं बरं ना?

खडूस_काका: अहो ताई, कॉर्टेक्स सगळ्यांचंच पातळ होतं त्या वयात, ती नॉर्मल वाढ आहे. आणि सी-फोरने एकट्याने रिस्क थोडीशीच वाढते. 2022 च्या मोठ्या अभ्यासात 76 हजारांवर पेशंट घेतले, जीनोमवर 287 जागा सापडल्या, तरी सगळं जोडून काढलेल्या स्कोरने आजाराकडे कोणाचा कल जास्त, कोणाचा कमी, यातला फरक जेमतेम 7 टक्के समजतो. तोही डेटा मुख्यतः युरोपियन लोकांचा, आपल्याकडे तो अजून कच्चा पडणार. लॅबवाला हे सांगतो का? मामाला आजार आहे म्हणजे भाच्याची रिस्क साधारण 2 ते 4 टक्के, इतरांची 1 च्या आसपास. एवढं तर तुम्हाला फुकटात कळलं.

रानवारा: काका, स्कोर अगदीच टाकाऊ नाहीये हां. 2015 ला दीड हजारावर टीनएजर्सचे स्कॅन बघितले होते, त्यात सोळाच्या आत गांजा ओढलेल्या आणि स्कोर जास्त असलेल्या मुलग्यांचं कॉर्टेक्स जास्त पातळ निघालं, स्कोर कमी असलेल्यांमध्ये तसं दिसलं नाही. म्हणजे ज्याचा स्कोर जास्त त्याला गांजापासून लांब ठेवायला चांगलं कारण मिळतं की.

खडूस_काका: आणि ज्याचा कमी आला त्याला काय सांगणार, ओढ बाबा बिनधास्त? गांजा कोणीच ओढू नये त्या वयात, त्याला टेस्ट कशाला हवी. शिवाय पातळ कॉर्टेक्स म्हणजे आजार नव्हे, आणि संबंध दिसला म्हणजे कारण सापडलं असंही नाही.

शमा_सिस्टर: मी वॉर्डात काम करते म्हणून बोलते, सगळ्या टेस्ट एका मापात मोजू नका. 22 व्या क्रोमोसोमचा एक तुकडा गळालेला असतो काही मुलांमध्ये, त्यातल्या साधारण चारातल्या एकाला पुढे सायकोसिस होतो, म्हणजे भास-भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटतं. अशा मुलांना बऱ्याचदा जन्मतः हृदयाचा दोष असतो, टाळूचा त्रास असतो, तिथे डॉक्टर स्वतःच टेस्ट सांगतात आणि ती करावीच. पण धडधाकट पोराचा स्कोर काढून घरात कागद ठेवलात तर तो कागद उद्या कोणाकोणाच्या व्हॉट्सॲपवर जाईल सांगता येत नाही. आपल्याकडे स्थळं बघताना लोक मामाचा आजारसुद्धा उकरून काढतात, हे तुम्ही भोगलंच असेल.

मीनल_ठाणे: भोगलंय हो. पण मग हातावर हात ठेवून बसू का? भावाच्या वेळी कोणालाच काही कळलं नाही, तेच परत नकोय मला.

शमा_सिस्टर: तुम्हाला कळेल ना, तुम्ही जवळून बघितलंय. पोरगा मित्र तोडायला लागला, महिनोन् महिने झोप उलटीपालटी, अभ्यास एकदम घसरला, कोणीतरी आपल्यावर पाळत ठेवतंय असं म्हणायला लागला, तर थेट सायकियाट्रिस्ट गाठा. नुसतं विचारायचं असेल तर टेली-मानस हेल्पलाइनचा 14416 नंबर आहे, सरकारी, फुकट, मराठीतही बोलतात. आणि मुलाला मामाबद्दल खरं सांगितलंय का?

मीनल_ठाणे: नाही. मामाला मायग्रेन आहे असं सांगितलंय आत्तापर्यंत.

खडूस_काका: मग आधी ते सांगा. चौदाचा झालाय तो, आणि त्याची लाळ पाठवायची तर त्याला विचारायला नको का?

रानवारा: हे मात्र काकांचं पटलं. तरी अठराव्या वर्षी त्याने स्वतःहून टेस्ट मागितली तर अडवू नका एवढंच म्हणेन.