गुलमर्गला स्कीइंग: आई आणि मुलं बरोबर, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
काश्मीरमधल्या चिल्लई कलानची (डिसेंबर-जानेवारीतल्या ४० दिवसांची) कडाक्याची थंडी ओसरली की, म्हणजे फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, सहकुटुंब गुलमर्गला जायचा बेत आहे. आम्ही इंदूरचे. मुलांनी बर्फ फक्त फोटोत पाहिलाय आणि दोघांनाही स्कीइंग शिकायचंच आहे. मुलगा १२ वर्षांचा, मुलगी ७ वर्षांची.

खरी काळजी आईची. वय ७१, बीपीची गोळी रोज. इंदूर साधारण ५५० मीटरवर, गुलमर्ग २,६५० च्या आसपास, आणि गोंडोल्याचा (रोपवेचा) दुसरा टप्पा तर अफरवट शिखराकडे ३,९०० च्याही वर नेतो. तिथे तिला न्यायचं नाही हे नक्की. पण पहिल्या टप्प्यापर्यंत, कोंगडोरीला, तुमच्यापैकी कोणी आपल्या आईवडिलांना नेलंय का? श्रीनगरला आधी एक-दोन दिवस थांबलेलं बरं का?

मुलीच्या मापाचे स्की-बूट तिथे भाड्याने नीट मिळतात का? घोटा सैल राहिला तर पाय मुरगळेल, म्हणून विचारतेय. लहान मुलांना धीराने शिकवणारा प्रशिक्षक कसा निवडायचा? आणि पायथ्याच्या टंगमर्गहून वर, बर्फासाठी चाकांना चेन लावलेल्या गाडीचं भाडं आधीच ठरवावं का?

नुकतंच जाऊन आलेल्यांनी जरूर सांगा. तिकिटं याच आठवड्यात काढायची आहेत.