युरोपात ठेवींचा विमा सामाईक हवा की ज्याचा त्याने बघावा?

धागाकर्ता:
युरो एक, मोठ्या बँकांवर देखरेखही २०१४ पासून एकाच संस्थेची, फ्रँकफर्टच्या युरोपियन सेंट्रल बँकेची. पण बँक बुडाली की ठेवीदाराचे पैसे ज्या त्या देशाच्या निधीतून. एक लाख युरोंची हमी सगळीकडे सारखी, तिच्यामागची ऐपत मात्र नाही. मार्च २०१३ मध्ये सायप्रसच्या लोकांना एका शनिवारी कळलं की लाखाच्या आतल्या ठेवींतूनही ६.७५ टक्के कापणार. संसदेने ते फेटाळलं, तरी बँका जवळजवळ दोन आठवडे बंद होत्या. उघडल्या तेव्हा दिवसाला ३०० युरोंच्या वर काढता येईनात. सामाईक विम्याचा प्रस्ताव नोव्हेंबर २०१५ पासून अडलाय. जर्मनीने अडवून धरणं मला अन्यायाचं वाटतं.

प्रतिसाद:
अन्याय कसला? मी जर्मनीत राहतो, खातं इथल्या श्पारकासेत, म्हणजे स्थानिक सार्वजनिक बचत बँकेत. या बँकांनी एकमेकींना सांभाळायला स्वतःचा निधी उभा केलाय. तो दुसऱ्यांच्या बुडीत कर्जांसाठी का द्यायचा? जून २०१७ आठवा. स्पेनची बांको पोपुलार ही बँक युरोपच्या नियमाने (तोटा आधी मालकांनी सोसायचा, सरकारने नव्हे) एका युरोला विकली गेली, भागधारकांचं सगळं गेलं. त्याच महिन्यात व्हेनेतोतल्या दोन बँकांसाठी इटलीच्या सरकारने सुमारे ४.८ अब्ज युरो रोख ओतले. नियम एकच ना?

धागाकर्ता:
इटलीला ती वाट मिळाली कारण दिवाळखोरीचे कायदे अजून देशोदेशी वेगळे आहेत. आणि घरच्या कंपनीला पाठीशी घालण्यात जर्मनीही मागे नाही. वायरकार्ड या जर्मन पेमेंट कंपनीच्या हिशेबांवर संशय आला तेव्हा बाफिनने, म्हणजे जर्मनीच्या वित्तीय नियामकाने, २०१९ मध्ये तिच्या शेअरचं शॉर्ट सेलिंग (भाव पडेल या अंदाजावर उसने शेअर विकणं) बंद केलं, वर संशयाच्या बातम्या देणाऱ्या पत्रकारांविरुद्धच फौजदारी तक्रार केली. जून २०२० मध्ये कळलं, कंपनीने दाखवलेले १.९ अब्ज युरो खात्यात नाहीतच.

दुसरा प्रतिसाद:
वायरकार्ड लाजिरवाणंच, पण तो देखरेखीचा प्रश्न, विम्याचा नव्हे. सुरुवातीला देशांच्या निधींनी एकमेकांना उसने द्यावेत, तोटा ज्याचा त्याने सोसावा.

पहिला प्रतिसादक:
उसन्याला माझी हरकत नाही. तोटा वाटायचा असेल तर मात्र एक अट. आज बँकेने आपल्याच सरकारचे रोखे कितीही घेतले तरी त्यांच्या जोखमीपोटी भांडवल बाजूला ठेवावं लागत नाही. सरकार डगमगलं की बँकही सोबत जाते, हे ग्रीसमध्ये दिसलं. ती सूट काढा, मग सामाईक विम्याला माझा विरोध नाही.